वरचं सरोवर

फोनवर स्वतःचं नाव शोधा आणि येईल ते मोठ्यानं वाचा, असं शिकवायला आलेली मेरुएर्त म्हणाली, आणि बुरुलनं नाव टाकलं तर फोनवर आला एक हात. हात तिचाच होता. अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग तिचा, निळी किटली घरची, कोपऱ्यात दिसणारं पांढऱ्या रुमालाचं टोक तिच्याच डोक्यावरचं. बाकी चित्रभर सासऱ्यांच्या सत्तरीला जमलेली माणसं, घोड्याच्या मांसाची ताटं, आणि मधोमध सासरे, छातीवर ट्रॉलीबस चालवल्याचं जुनं पदक लावून. खाली नवऱ्याच्या कुठल्याशा चुलतभावानं एक ओळ लिहून ठेवलेली, शेवटी ‘चहा ओतताना सून बुरुल’. एकोणीस वर्षांची नोकरी, त्यातली अकरा वर्षं हिमनद्यांच्या अंगाखांद्यावर, तंबूत, पाणी मोजण्यात गेलेली, आणि जगाला बुरुलबद्दल ठाऊक काय, तर ती चहा ओतते. बरं, तेही तिनं हसून सांगून टाकलं असतं. हॉलमध्ये तेवीस बायका बसल्या होत्या, कुणी बँकेतली, कुणी वकील, कुणी लोकरीच्या नमद्याच्या पिशव्या परदेशी विकणारी. स्वतःचं नाव कसं करावं हे शिकायला सगळ्या दोन दिवस सुट्टी काढून आल्या होत्या, आणि बहुतेकींचं असंच काहीतरी निघालं होतं. पण वाचायचं कसं? ‘आमच्या’ हा पहिला शब्द तिनं वाचला. दुसरा शब्द सासऱ्यांचं नाव होता.

“वाचा ना,” मेरुएर्त म्हणाली. ती अल्माटीहून आली होती, पांढरा कोट, आखूड केस, आणि आवाज असा की मागच्या भिंतीला जाऊन परत यावा. “आमच्या... पुढं?”

शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं मान वाकवून बुरुलच्या फोनमध्ये पाहिलं आणि फस्सकन हसली. “अगं बाई, सासऱ्यांचं नाव आहे हो त्यात! कशी वाचेल ती?” अर्धा हॉल हसला, पण मायेनं हसला, त्यातल्या निम्म्या जणी कुणाकुणाच्या सुनाच होत्या.

“हयात आहेत?” मेरुएर्तनं विचारलं.

“नाही. दोन वर्षं झाली.”

“मग झालं तर! त्यांना थोडंच ऐकू येणार आहे?”

कुणीतरी जिभेनं च्च केलं. मेरुएर्तलाही कळलं असावं, कारण ती खुर्ची ओढून बुरुलजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात बोलायला लागली. “हे बघा, आमच्याकडंही आहे ही नाव न घेण्याची रीत. घरात पाळा, मी नाही म्हणत नाही. पण इथं तुम्ही सून नाही. बोलणाऱ्याची अंबाडी खपते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. तुमचे गहू कुठले, तेवढं सांगा मला.” बुरुल म्हणाली, “आम्ही सरोवरांची पाहणी करतो.” “आम्ही म्हणजे?” “आमचं खातं.” मेरुएर्तनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वही बुरुलसमोर धरली. पानावर मोठ्या अक्षरात ‘मी’ लिहिलं होतं, दुसरं काही नाही.

हॉलमधून बाहेर पडल्यावर बुरुल पॉपलरच्या रांगेखालून चालत राहिली. पाटाचं पाणी रस्त्याच्या कडेनं खळखळत उतारावर पळत होतं, आणि तिनं नेहमीसारखं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सत्तरपर्यंत. ही खोड तिला तीन वर्षांपूर्वी लागली. किटली आधणाला ठेवली की सत्तर, सिग्नल लाल झाला की सत्तर, वरिष्ठ बोलत असले की मनातल्या मनात सत्तर. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज बावन्नला फोन वाजला. एर्मेक होता. एर्मेक तिच्याच खात्यात, उपग्रहाच्या विभागात, चौतीस वर्षांचा, टापटिपीचा, आणि दूरदर्शनवाल्यांचा लाडका. डोंगरात कुठं काही फुटलं, घसरलं, की पडद्यावर एर्मेक. माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नव्हे, आणि तिचं खरं दुखणं तेच होतं.

“एजे,” तो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला एजे म्हणतो. “सरोवर फुटण्याचा इशारा देणाऱ्या नव्या कक्षाच्या प्रमुखपदासाठी मी अर्ज केलाय. बाहेरून कळण्यापेक्षा म्हटलं आपणच सांगावं.”

“बरं केलंस.”

“तू नाही ना करणार?”

“का रे?”

“नाही, दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यायचाय ना स्वतःबद्दल. तुला कॅमेऱ्याचं वावडं.”

“तुला जागा मिळाली तर सरोवरावरचं पाहणीचं ठाणं ठेवशील?” तिनं विचारलं.

“खरं सांगू? नाही ठेवणार. एका तंबूसाठी घोडा, घोडेवाला, सॅटेलाइट फोन, शिधा. उपग्रहावरून दिसतं ना सगळं.”

“बर्फाच्या खालून पाण्याची वाट बुजली तर दिसतं?”

“एजे, तू आता भांडतेस. हे अहवालात लिहायचं होतंस. तुझ्या अहवालांत सगळीकडं नुसतं ‘वरचं सरोवर’, ‘वरचं सरोवर’. कुठलं वरचं? कुणाला सापडणार ते? शेवटी मी माझ्या लेखात नाव घातलं, म्हणून सगळे मला विचारतात. तूच वाचून छान झालाय म्हणालीस.”

म्हणाली होती खरी. आणि लेख छान होताच. आता कुणी त्या सरोवराचं नाव टाकून शोधलं तर एर्मेकच येणार, पानामागून पान एर्मेक, आणि एर्मेक तिथं आयुष्यात एकदा आला होता, सप्टेंबरात, दीड दिवस, उंचीनं ठणकणारं डोकं धरून. चोरी म्हणावी तर त्यानं काही चोरलेलं नाही. तिनंच दार सताड उघडं टाकलं होतं. संताप यायचा तर कुणाचा यावा हेच तिला कळेना, आणि त्या न कळण्यानं तिची पावलं उगाचच भराभर पडायला लागली. बसचे दोन थांबे मागं गेले, तरी ती चालतच होती.

लग्न होऊन ती या घरात आली त्या आठवड्यातली गोष्ट. सासूबाई, म्हणजे एने, कणीक मळत होत्या आणि बुरुल शेजारी कांदा चिरत उभी होती. एने म्हणाल्या होत्या, “केलिन, तू शिकलेली आहेस, नोकरीवाली आहेस, चांगलं आहे. पण या घरातल्या थोरांचं नाव तोंडातून काढायचं नाही. मी बत्तीस वर्षांत माझ्या नवऱ्याचं काढलेलं नाही.” केलिन म्हणजे सून. तेव्हापासून चौदा वर्षं ती या घरात केलिन आहे. नणंदेला ती ‘गोरी ताई’ म्हणते, थोरल्या दिरांना ‘घोड्यांवाले’. सासऱ्यांचं नाव शेरगाझी. एनेंच्या मते नावातला तुकडाही उच्चारायचा नाही, म्हणून पोरीला प्राणिसंग्रहालयात नेलं तेव्हा पिंजऱ्यासमोर उभी राहून बुरुल म्हणाली होती, “ते बघ मोठं मांजर,” आणि पोरगी आजूबाजूच्या लोकांसमोर कपाळाला हात लावून म्हणाली होती, “आई, लाज आणतेस.” यात बुरुलला कधी जाच वाटला नाही. उलट गंमत वाटायची, एखादी नवी भाषा शिकावी तशी. वहीत लिहिताना कोण ऐकतं, असं कुणी म्हणेल. पण लिहिताना ओठ हलतातच. मुलीच्या शाळेच्या कागदांवर वडिलांचं पूर्ण नाव लिहायची वेळ आली की ती कागद नवऱ्यापुढं सरकवायची. आणि मग खात्यानं तिच्याकडं जे सरोवर सोपवलं त्याचं नावही नेमकं शेरगाझी. कुण्या जुन्या मेंढपाळाच्या नावावरून पडलेलं. आता याला काय म्हणावं?

सासऱ्यांना मात्र याचं भारी कौतुक. ती डोंगरावरून आली की दारातच विचारायचे, “काय गं, माझं पाणी किती चढलं?” ती लाजून सांगायची, “अठरा सेंटिमीटर.” “वय झालं की सूज येतेच,” असं म्हणून ते स्वतःच खो खो हसायचे. एकदा म्हणाले होते, “डोंगरावर घेत जा गं नाव. तिथं कोण ऐकतंय?” त्या वेळी तिनं खरोखरच प्रयत्न केला होता. सरोवराच्या काठावर, ठाण्यावरचा घोडेवाला लांब गेल्यावर, एकटीनं. शे, म्हणाली, आणि थांबली. चार हजार मीटरवर, चिटपाखरू नसताना, तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आणि तिचं स्वतःचं नाव तरी काय होतं? बुरुल, म्हणजे वळ. तीन मुलींवर चौथी झाली तेव्हा आजीनं ठेवलं. आता वळ, मागं फिर, पुढच्या खेपेला मुलगा होऊ दे. ते सांगणं नशिबाला होतं, तिला नव्हतंच. ती नुसती निरोप्या. निरोप पोचला, भाऊ झाला, आज मॉस्कोत टॅक्सी चालवतो, दिवाळखोर नाही आणि सुखीही नाही. मेरुएर्त म्हणाली होती, “आपलं नाव हाच आपला ठसा, ते छाती पुढं काढून घ्यायचं.” बुरुलनं कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेसमोर थांबून हळूच आपलं नाव घेऊन पाहिलं. काचेत फक्त एक दमलेली बाई ओठ हलवताना दिसली, आणि आतला दुकानदार काय हवंय म्हणून बाहेर आला. तिनं मग नको असताना मीठ घेतलं.

घरी नवरा, तिलेक, पाय पसरून बसला होता. तो मोटारींचे सुटे भाग विकतो आणि बायकोच्या नोकरीबद्दल त्याचं एकच म्हणणं असतं. “कर की,” तो म्हणाला. “अर्ज कर, व्हिडिओ कर. मी कधी अडवलंय?”

“त्यात नाव घ्यावं लागेल. सरोवराचं.”

तो सावरून बसला. “मग एनेला विचार आधी.”

“तू विचार ना.”

“मी कशाला? मला तर घेता येतं नाव. माझा बाप होता तो.” आणि आपण फार विनोदी बोललो असं वाटून तो हसला. बुरुल हसली नाही. गेल्या दोन वर्षांत त्यानं बापाचं नाव कितीदा घेतलं होतं? पोरीसाठी ते आजोबा होते, त्याच्यासाठी बाबा. नाव घेऊ शकणारी सासऱ्यांच्या बरोबरीची माणसं एकेक करून निघून गेली होती.

अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. शुक्रवारी बुरुलनं अर्धी रजा घेतली. शुक्रवार म्हणजे घरात तेलाचा वास. एने दर शुक्रवारी दुपारी कढई तापवतात, कणकेचे छोटे तुकडे, बोर्सोक, तळून काढतात, आणि तो वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. घरी त्या वेळी दोघीच असतात, तिलेक दुकानात, पोरगी शाळेत. तळण झालं की एने ताटली पुढ्यात घेऊन तळवे उघडतात, चार शब्द पुटपुटतात आणि शेवटी म्हणतात, “या घराच्या मालकाला पोचो.” मागच्याच शुक्रवारी तोंडावरून हात फिरवल्यावर त्या गप्प बसून राहिल्या होत्या. मग म्हणाल्या, “केलिन, या घरात आधी रशियन लोक राहायचे. त्यांच्याआधी आणखी कुणी. मालक तर कितीतरी झाले. आपल्या माणसाला कळत असेल ना, की हे त्याचं आहे म्हणून?” बुरुल म्हणाली होती, “कळतं, एने.” तिला वाटलं होतं, काय वेडेपणा हा. आणि लगेच सत्तर मोजायला लागली होती.

ती पुढच्या खोलीत फोन जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीला टेकवून बसली. समोरच्या भिंतीवर, बरणीच्या बरोबर वर, सासऱ्यांची तसबीर. स्वयंपाकघराला दार नाही, नुसता पडदा; कढईतली चरचर स्पष्ट ऐकू येत होती, म्हणजे तिकडंही इकडचं सगळं ऐकू जाणार. तिनं बटण दाबलं. “नमस्कार. आम्ही गेली एकोणीस वर्षं...” बंद. “मी बुरुल. आमच्या खात्यानं वरच्या सरोवरावर...” बंद. पाचव्यांदा बरणी घसरली. स्वतःच्या तोंडानं स्वतःची आरती ओवाळायची, आणि तीही पलीकडं सासू ऐकत असताना! तिची आई म्हणायची, पोरीनं स्वतःची टिमकी वाजवली की दृष्ट लागते. पण आपण घाबरतो ते दृष्टीला नाही, हे बुरुलला पक्कं माहीत होतं. हे बोलायला लागलं की त्या सकाळबद्दलही बोलावं लागणार होतं.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. आठवडाभर उष्मा. खालच्या बर्फातून पाणी वाहून जाण्याची वाट बुजली होती आणि काठावरच्या मोजपट्टीवर पाणी तासाला हातभर चढत होतं. घोडेवाला शिधा आणायला खाली गेलेला, ती एकटी. पहाटेच्या उजेडात तिनं पट्टी वाचली, पुन्हा वाचली, आणि धावत तंबूत येऊन खात्याच्या केंद्राला फोन लावला. पाच बेचाळीस. “वरचं सरोवर फुटणार. खालचं गाव हलवा. आत्ता.” पलीकडं कामावर बाईच होती. “बाई, वरची सरोवरं पाच आहेत. कुठलं?” बुरुलनं तोंड उघडलं. नाव येईना. ओठ, जीभ, दात, सगळं होतं जागच्या जागी, आणि नाव येईना. खाली तीनशे बारा माणसं झोपली होती. ती म्हणाली, “ते... पूर्वेकडचं.” “पूर्वेला दोन आहेत.” “त्यातलं मोठं.” “अहो, नाव सांगा ना!” “मला घेता येत नाही.” ती बाई एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, “सासरे का?” “हो.” “थांबा, मी वाचते. को-बुलाक? तेझ-तोर? शेरगाझी?” “तेच! तेच!” त्या बाईनं नोंद केली, भोंगे वाजले, गाव मेंढ्यांसकट टेकडीवर चढलं, आणि साडेनऊला चिखलाचा लोंढा आला तेव्हा रिकाम्या घरांवरून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढं नोंदवही तिच्या पाहण्यात आली. फोन आला पाच बेचाळीसला, सरोवराची खात्री पटली त्यानंतर सत्तर सेकंदांनी. इशारा देणारा म्हणून लिहिलं होतं, ‘पाहणी-पथक’. पथक! बातमीदारानं विचारलं तेव्हा एर्मेक अर्धा तास बोलला, आणि तिच्यापुढं माइक आला तेव्हा ती म्हणाली, “आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.” त्या सत्तर सेकंदांनी कुणाचं काही गेलं नव्हतं. पण लोंढा चार तासांनी न येता एका मिनिटानं आला असता तर? ती घरी आली तेव्हा सासरे, अंथरुणाला खिळलेले, उशीवरून म्हणाले होते, “काय गं, मी फुटलो म्हणे? कुणाला लागलं नाही ना माझ्यामुळं?” ती नाही म्हणाली होती, मोरीत जाऊन नळ सोडला होता आणि पोटभर रडली होती. सत्तर सेकंदांचं त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

ठाणं बंद झालं आणि पुन्हा वाट बुजली, तर पट्टी वाचायला तिथं कुणी नसेल. एवढं साधं होतं ते. तिनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. बटण दाबलं. तसबिरीकडं न बघता, बरणीकडं न बघता, कुठंच न बघता ती बोलायला लागली. “माझं नाव बुरुल. तीन वर्षांपूर्वी आम्ही शेरगाझी सरोवर फुटण्याचा इशारा दिला, आणि तीनशे बारा माणसं वाचली.” ती पुढंही बोलत राहिली, बर्फाबद्दल, बुजलेल्या वाटेबद्दल, पट्टी हातानं वाचावी लागते त्याबद्दल, चांगलं बोलली; पण तिला ऐकू येत होतं ते एवढंच, की स्वयंपाकघरातला झारा थांबलाय.

पडदा सरला. एने ताटली हातात घेऊन उभ्या होत्या. बोटांना कणीक.

“नाव घेतलंस.”

“हो, एने.”

“मोठ्यानं घेतलंस.”

“कामासाठी, एने. सरोवराचं म्हणून...”

बुरुलचं मोजणं आपोआप सुरू झालं. एक, दोन. चौदा वर्षं या बाईनं तिला वाकड्या शब्दानं दुखवलं नव्हतं, बाळंतपणात पाय चेपून दिले होते, आणि तिनं एकच गोष्ट मागितली होती. वीस, एकवीस. बाहेर शेजारीण गालिचा झटकत होती. एकेचाळीसला एनेंनी फोनकडं बोट केलं.

“ते त्यात राहिलं का?”

“राहिलं.”

“लाव.”

बुरुलनं लावलं. तिचाच आवाज खोलीत आला, परक्या बाईचा असावा तसा. एने कान देऊन ऐकत होत्या. नाव येऊन गेलं तशा म्हणाल्या, “परत. तेवढंच लाव.” बुरुलनं मागं नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा एने स्टुलावर बसल्या होत्या. ताटली त्यांनी फोनसमोर ठेवली, बरणी थोडी सरकवून. “मी मान हलवली की लाव,” असं म्हणून त्यांनी तळवे उघडले, पुटपुटल्या, आणि मान हलवली. “शेरगाझी,” फोन म्हणाला. “...ला पोचो,” एने म्हणाल्या. “ओमीन.” दोघींनी तोंडावरून हात फिरवले.

बुरुलला हसूही येत होतं आणि रडूही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी तोंड उघडलं, आणि त्यातलं कामाला आलं ते काय, तर सासऱ्यांचं नाव! राग आला. खरंच आला. आणि एनेंचे ओले डोळे दिसत होते म्हणून तो कुठं ठेवावा हे कळेना.

एनेंनी रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. “आणि ते पुढचं काय होतं? तीनशे का किती ते?”

“तीनशे बारा. गाव हलवलं त्याचं.”

“ते दूरदर्शनवर तो गुळगुळीत मुलगा सांगत होता ते?”

“हो, एर्मेक.”

“तो होता तिथं?”

“नाही.”

“घोडेवाला होता?”

“तो शिधा आणायला गेला होता.”

“मग ‘आम्ही’ म्हणजे कोण?” एनेंनी विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं, बाजारातून काय काय आणलंस असं विचारावं तसं. “तू, आणि आणखी कोण?”

“मी,” बुरुल म्हणाली.

“एकटी?”

“एकटी. आणि एने, केंद्रातल्या बाईनं सरोवराचं नाव विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. सत्तर सेकंद. तिनंच एकेक नाव वाचून ओळखलं. गाव झोपलेलं होतं खाली, आणि मी नाव घेतलं नाही.”

बोलून झालं. एनेंच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. “माझ्यामुळं?” त्या म्हणाल्या. तुमच्यामुळं कसं, असं बुरुल म्हणणार होती, जीभ तयारही होती, पण ती म्हणाली नाही.

एनेंनी ताटलीतला एक बोर्सोक उचलून बुरुलच्या हातात ठेवला, मग दुसरा. “मी शेजारणीला सांगत असते, माझी सून पाण्याच्या खात्यात आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. “तिला वाटतं तू नळाची बिलं लिहितेस. गाव तू वाचवलंस हे मलाही कुठं माहीत होतं?” मग स्टूल त्यांनी भिंतीकडं ओढून घेतलं, फोनमध्ये दिसणार नाही इतकं लांब. “ते ‘आम्ही’ काढून टाक त्यातलं. झालं तसं सांग. तेही सांग, नाव न घेतल्याचं.”

“ते सांगितलं तर जागा मिळणार नाही, एने.”

“नाही मिळाली तर नाही मिळाली. लाव ते.”

चार वाजायला आले होते. बुरुलनं हातावरचं तेल लांब झग्याला पुसलं, बरणी सरळ केली, बटण दाबलं. या खेपेला तिनं समोर तसबिरीकडं पाहिलं.

“माझं नाव बुरुल,” ती म्हणाली. “शेरगाझी सरोवर फुटणार हे मी सांगितलं. सत्तर सेकंद उशिरा सांगितलं, आणि तो उशीर का झाला तेही मी सांगणार आहे.”

आत कढईतलं तेल करपायला लागलं होतं. वास घरभर झाला, खिडकीतून बाहेर गेला, पण ती बोलून संपेपर्यंत दोघींपैकी कुणीही उठलं नाही.